जोराच्या वाऱ्यात छोट्या होडीला कोणते शीड लावावे?

खाडीकर (धागाकर्ता)

मंडळी, जोराच्या वाऱ्यात छोट्या होडीसाठी शिडाची निवड कशी करावी, याविषयी येथील अनुभवी सभासदांची मते हवी आहेत. आमची होडी चौदा फुटी आहे. तिला मेनसेल (डोलकाठीमागचे मोठे शीड) आणि जिब (पुढचे लहान शीड) अशी दोन शिडे असून दोन्ही मिळून क्षेत्रफळ साधारण १२ चौरस मीटर भरते, त्यांपैकी ९ मेनसेलचे आणि ३ जिबचे. तळाला वजनाची कील नाही, फक्त वर उचलता येणारा सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी फळी, आहे. होडीवर मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी असे दोघेच असतो आणि दोघांचे मिळून वजन ११० किलो होते.

मुंबई बंदरात ऑक्टोबर ते मे या काळात आम्ही होडी काढतो. सकाळी मतलई वारा असतो तोवर काहीच तक्रार नाही. फेब्रुवारी संपता संपता मात्र दुपारी दोननंतर खारा वारा १५ ते १८ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चढतो, आणि झोत २० च्याही वर जातात. अशा वेळी आम्ही दोघेही काठाबाहेर पूर्ण झुकलो तरी होडी कलतेच, टिलर (सुकाणूचा दांडा) हाताला जड लागतो आणि मेनशीट (मेनसेल ओढण्या-सोडण्याचा दोर) इतकी सोडावी लागते की अर्धे शीड नुसते फडफडत राहते.

माझ्यासमोर तीन मार्ग आहेत. आहे त्या मेनसेलला रीफ करण्याची, म्हणजे खालचा पट्टा गुंडाळून शीड लहान करण्याची, सोय शिवून घेणे, जोराच्या वाऱ्यासाठी वेगळे लहान मेनसेल घेणे, किंवा काहीही न घेता आहे त्या शिडाला दोऱ्यांनी ताण देऊन चपटे करायला शिकणे. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, कारण लहान शीड लावले की प्रश्न मुळातच मिटतो असे मला वाटते. आपले काय मत आहे?

दर्यावर्दी

प्रश्न मुळातच मिटतो असे नाही, पण तुम्ही वजन सांगितलेत हे फार चांगले केले. बहुतेक जण होडीची लांबी सांगतात आणि वजन सांगायला विसरतात. कील नसलेल्या होडीत तिला सरळ ठेवणारी मुख्य शक्ती म्हणजे काठाबाहेर झुकलेल्या माणसांचे वजन. त्यामुळे एकाच होडीला १५० किलोच्या जोडीसाठी जे शीड योग्य असते, तेच ११० किलोच्या जोडीला १५ नॉटमध्ये जास्त होते.

दुसरी गोष्ट म्हणजे वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा १४ नॉट झाला की शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि २० नॉट झाला की चौपट. दुपारी एकला मजेत चाललेली होडी तीनला अंगावर का येते, याचे उत्तर एवढ्यातच आहे. वारा 'थोडासाच' वाढलेला असतो, पण दाब थोडासा वाढलेला नसतो.

माझे मत पहिल्या मार्गाला आहे. मेनसेलला रीफ असलाच पाहिजे.

ससून_डॉक

मेनसेल किती जुने आहे, ते आधी सांगा.

खाडीकर

आठ वर्षांचे आहे. डेक्रॉनचे (कृत्रिम धाग्याच्या कापडाचे) असून होडीबरोबरच आले होते, त्यामुळे आधीच्या मालकाने ते कसे वापरले याची मला कल्पना नाही. फाटलेले कोठेही नाही, आणि हलक्या वाऱ्यात तर ते उत्तम चालते.

शीडशिंपी

"हलक्या वाऱ्यात उत्तम चालते" या वाक्यातच रोगाचे निदान झाले आहे.

डेक्रॉनचे कापड ऊन, खारे पाणी आणि फडफड यांमुळे हळूहळू आपला ताठपणा गमावते. नव्या कापडावरची राळ निघून गेली की ते मऊ पडते आणि तिरक्या दिशेने ताणले जाऊ लागते. असे शीड वाऱ्याचा जोर वाढला की अधिक फुगते, म्हणजे ज्या वेळी ते चपटे हवे त्याच वेळी त्याचे पोट सुटते. शिवाय पोटाचा सर्वांत खोल भाग पुढच्या कडेकडून सरकून मागच्या कडेकडे जातो. मागे गेलेले पोट होडीला पुढे ढकलण्यापेक्षा बाजूला जास्त ढकलते, त्यामुळे होडी कलते आणि टिलर जड होतो. हलक्या वाऱ्यात मात्र हेच पोट उपयोगी पडते, म्हणून मालकाला वाटते की शीड अजून चांगले आहे.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. साधारण १२ नॉटच्या वाऱ्यात, वारा येतो त्या दिशेला शक्य तितके जवळ धरून चालत असताना, बूमच्या (मेनसेलच्या खालच्या आडव्या काठीच्या) मध्याखाली बसून शिडाचा वरच्या दिशेने फोटो काढावा. निम्म्या उंचीवर पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेघ मारावी आणि त्या रेघेपासून कापड कमाल किती दूर आहे ते मोजावे. हे अंतर रेघेच्या लांबीच्या १० टक्क्यांच्या आसपास असेल तर शीड जोराच्या वाऱ्यालाही चालेल. १५ टक्के किंवा त्याहून जास्त भरले, किंवा सर्वांत खोल जागा निम्म्याच्या मागे आढळली, तर त्या कापडात रीफ शिवण्यावर खर्च करू नये. रीफचे कोपरे मजबूत होतील, पण मधले कापड मऊ ते मऊच राहील.

गौरी_हार्बर

मी मुलांना डिंगी (छोटी उघडी होडी) शिकवते, त्यामुळे शीडशिंपी यांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही खाडीकर यांनी अजून काहीही विकत घेऊ नये असे मला सुचवायचे आहे, कारण त्यांच्या वर्णनात कोठेही कनिंगहॅमचा (शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर) किंवा व्हँगचा (बूम खाली ओढणारा दोर) उल्लेख नाही. 'मेनशीट सोडली' एवढाच आहे.

वारा वाढू लागला की पहिल्यांदा आउटहॉल (शिडाचा मागचा खालचा कोपरा बूमवर ताणणारा दोर) पूर्ण ओढावा, म्हणजे शिडाचा खालचा भाग चपटा होतो. नंतर कनिंगहॅम ओढावा. त्याने पुढच्या कडेला ताण बसतो, मागे सरकलेले पोट पुन्हा पुढे येते आणि शिडाच्या वरच्या भागातली मागची कड सैल होऊन जादा वारा तेथून निघून जातो. वरच्या भागातला दाब होडीला सर्वांत जास्त कलवतो, म्हणून हा एक दोर फार मोलाचा आहे. त्यानंतर व्हँग, ज्याला काही जण किकर म्हणतात. तो ओढला की डोलकाठी वाकते आणि शीड मधोमध चपटे होते, शिवाय मेनशीट सोडली तरी बूम वर उचलला जात नाही. मात्र वारा बाजूने किंवा मागून घेण्यासाठी होडी वळवण्यापूर्वी व्हँग सैल करायलाच हवा. तो तसाच ताठ राहिला तर होडी कलल्यावर बूमचे टोक पाण्यात शिरते, मग शीट सोडूनही शीड रिकामे होत नाही आणि होडी उलटते. नवशिक्यांच्या होड्या जोराच्या वाऱ्यात उलटण्याचे हे मोठे कारण आहे.

शेवटी सेंटरबोर्ड. तो एक तृतीयांश वर घ्यावा. होडी थोडी बाजूला वाहते, पण कलणे स्पष्टपणे कमी होते आणि टिलरही हलका होतो, कारण बोर्ड फिरून वर येताना मागेही सरकतो.

दर्यावर्दी

गौरीताई, दोरांचे महत्त्व मान्य आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. शीड कितीही चपटे केले तरी ९ चौरस मीटर कापड डोलकाठीच्या टोकापर्यंत उभे असतेच. ११० किलोच्या जोडीने २० नॉटमध्ये ते चपटे करून चालवावे, असा सल्ला मी देणार नाही. एखादा दोर सुटला किंवा क्लीट (दोर अडकवायची खुंटी) निसटली तर काय करायचे? रीफ केलेले शीड कोणाच्याही कौशल्यावर विसंबून नसते.

गौरी_हार्बर

रीफ करायला कौशल्य लागत नाही, हे मला आजच कळले. :)

आकडेमोड

मी कधीही होडी चालवलेली नाही आणि पोहताही येत नाही, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती समजावे. खाडीकर यांच्या आकड्यांवर थोडे गणित केले, ते येथे देतो.

समजा मेनसेलची पुढची कड ५.५ मीटर आहे आणि रीफमध्ये खालचा ७५ सेंटिमीटरचा पट्टा गुंडाळला जातो. त्रिकोणाचे क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने साधारण पाव भाग कमी होतो. म्हणजे ९ चे सुमारे पावणेसात चौरस मीटर झाले. जिब ३ चा तसाच आहे, म्हणून एकूण १२ वरून पावणेदहा, म्हणजे सुमारे १९ टक्के घट. ऐकायला हे भरपूर वाटते. पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे जो जोर पूर्वी १५ नॉटला लागत होता, तो आता १६.६ नॉटला लागेल. शीड खाली आल्याने दाबाचा मध्यही खाली येतो, तो फायदा धरला तर १७ नॉटच्या थोडे पुढे जाता येईल.

याचा अर्थ एका रीफमुळे या होडीला जेमतेम दोन नॉटची सवलत मिळते. दर्यावर्दी यांचा रीफ आणि गौरीताईंचे दोर यांपैकी एकाने काम भागेल, असे आकडे तरी म्हणत नाहीत.

दर्यावर्दी

गणित बरोबर असावे, पण होडीत ते असे जाणवत नाही. रीफ केल्यावर फडफड थांबते आणि सुकाणू ताब्यात राहते, हा फायदा तुमच्या सूत्रात आलेला नाही.

ससून_डॉक

आमच्या घरात आता यांत्रिक नौका आहेत, पण आजोबांच्या काळी मासेमारीची होडी शिडावर चालायची. लांब आडव्या काठीला बांधलेले ते तिरके त्रिकोणी शीड असते ना, ते रीफ करणे अवघड असते, कारण कापड गुंडाळले तरी ती लांबलचक काठी वरच राहते. म्हणून आमच्याकडे दोन शिडे असायची, एक मोठे आणि एक लहान. अरबी समुद्रातल्या मोठ्या गलबतांवरही हीच पद्धत होती. रात्री किंवा वादळी हवेत मोठे शीड उतरवून लहान चढवत असत.

मात्र यातला एक भाग खाडीकर यांनी नीट लक्षात घ्यावा. शीड बदलणे हे समुद्रात चार-सहा माणसांचे काम होते, आणि तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा) कटाक्ष असे की कोणते शीड चढवायचे ते शक्यतो किनाऱ्यावरच ठरवावे. चौदा फुटी होडीत बापलेकीने भर वाऱ्यात मेनसेल काढून दुसरे चढवणे मला तरी शक्य वाटत नाही. त्यामुळे वेगळे लहान शीड घेतलेत, तर सकाळी निघतानाच दुपारच्या वाऱ्याचा निर्णय घ्यावा लागेल. मग सकाळच्या मतलई वाऱ्यात लहान शिडाखाली होडी रेंगाळेल. रीफ मात्र पाण्यावर करता येतो आणि सोडताही येतो.

खाडीकर

ससून_डॉक, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आम्ही सकाळी निघून दुपारी परततो, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही प्रकारचा वारा लागतो. लहान शिडाकडचा माझा कल बराच कमी झाला आहे.

इल्का_पालक

माझा मुलगा इल्का चालवतो, ज्या होडीला आपण सर्व जण अनेक वर्षे लेझर म्हणत होतो. तिथे वेगळे शीड हाच मार्ग अधिकृत आहे, म्हणून लिहितो. हल (होडीचे अंग) तोच, पण शिडे तीन. इल्का ७ चे ७.०६ चौरस मीटर, इल्का ६ चे ५.७६ आणि इल्का ४ चे ४.७. डोलकाठीचा वरचा भाग तोच राहतो आणि फक्त खालचा भाग बदलतो. इल्का ४ चा खालचा भाग लहान असतो आणि मुद्दाम वाकवलेला असतो. शीड लहान झाल्यावर होडीचा तोल बिघडू नये, यासाठी ती योजना आहे. शीड बदलताना केवळ क्षेत्रफळ नव्हे, तर दाबाचा मध्य कोठे जातो हेही पाहावे लागते, हे यावरून दिसेल.

निवड मुख्यतः वजनावर होते. साधारण ५५ किलोपर्यंतच्या मुलांना ४, त्यापुढे सत्तरीपर्यंत ६ आणि वर ७ असा ढोबळ हिशेब आमचे प्रशिक्षक सांगतात. काही पालकांना लहान शीड कमीपणाचे वाटते. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की २०१८ च्या आशियाई स्पर्धेत हर्षिता तोमर हिने लेझर ४.७ मध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर हिने इल्का ४ मध्ये रौप्यपदक. लहान शीड हे शिकाऊपणाचे लक्षण नाही.

या होडीत नेहमीसारखा रीफ नसतो, कारण शीड डोलकाठीवर बाहीसारखे चढवलेले असते. सरावात वारा फार वाढला तर क्लू (शिडाचा मागचा खालचा कोपरा) सोडून, डोलकाठी फिरवून शीड तिच्याभोवती एक-दोन वेढे गुंडाळता येते. आकार काही खास राहत नाही, पण किनारा गाठता येतो.

ऑप्टीची_आई

विषय थोडा बाजूला जात असेल तर क्षमस्व. माझी मुलगी नऊ वर्षांची असून ऑप्टिमिस्ट (लहान मुलांची एकट्याने चालवायची होडी) चालवते. तिच्या शिडाला ना रीफ आहे, ना लहान शिडाचा पर्याय. जोराच्या वाऱ्यात तिच्यासाठी काय करता येईल?

गौरी_हार्बर

ऑप्टिमिस्टच्या शिडाचे क्षेत्रफळ ठरलेले आहे, पण कट वेगवेगळे मिळतात. हलक्या वजनाच्या मुलांसाठी चपट्या कटाचे शीड घ्यावे. वजनदार मुलांचे भरीव पोटाचे शीड 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून आत्ताच घेऊ नये, कारण ती मुलगी त्याच्याशी झुंजण्यातच थकून जाईल.

दुसरे म्हणजे स्प्रिट, ती तिरकी काठी. वारा वाढला की तिचा दोर अधिक ताणायला हवा. शिडावर डोलकाठीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी दिसत असेल तर स्प्रिट सैल आहे. उलट दिशेची, म्हणजे सर्वांत वरच्या टोकापासून डोलकाठीजवळच्या खालच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी दिसली तर ती जास्त ताणली गेली आहे. जोराच्या वाऱ्यात स्प्रिट सैल राहणे अधिक वाईट. आणि नऊ वर्षांच्या मुलीला १८ नॉटमध्ये पाण्यात उतरवायचे की नाही, हा निर्णय शिडाचा नसून प्रशिक्षकांचा आहे.

निळा_क्षितिज

खाडीकर, तुम्ही सरळ स्टॉर्म जिब का घेत नाही? आपल्या नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तारिणी या शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा दक्षिणेकडच्या वादळी समुद्रात अशी लहान जाड शिडेच तर कामी येतात. मेनसेल उतरवून ठेवायचे आणि लहान जिबवर घरी यायचे.

दर्यावर्दी

तारिणी ५६ फुटी असून तिच्या तळाला टनावारी वजनाची कील आहे. तो न्याय चौदा फुटी डिंगीला लागू होत नाही.

पण तुमच्या सूचनेत एक चांगला प्रश्न दडलेला आहे, तो म्हणजे आधी कोणते शीड कमी करावे. होडी जणू सेंटरबोर्डभोवती फिरते. बोर्डाच्या पुढे असलेले जिब होडीचे नाक वाऱ्यापासून दूर ढकलते आणि मागे असलेले मेनसेल नाक वाऱ्याकडे वळवते. नुसत्या जिबवर होडी वाऱ्याच्या दिशेने वर चढत नाही आणि टॅक करताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दिशा बदलताना, अर्ध्यात अडकते. कुलाब्याला परतायचे असेल आणि खारा वारा पश्चिमेकडून येत असेल, तर नुसत्या जिबवर तुम्ही उरणच्या बाजूला वाहत जाल. याउलट फक्त जिब उतरवला आणि पूर्ण मेनसेल ठेवले, तर आधीच जड असलेला टिलर आणखी जड होईल. खाडीकर यांच्या होडीत मेनसेल एकूण शिडाच्या तीन चतुर्थांश आहे आणि टिलर जड लागतो आहे. म्हणून आधी मेनसेल कमी करणे हेच योग्य, आणि जिब आहे तसे ठेवावे.

उरणकर

या चर्चेत वाऱ्याबद्दल बरेच बोलणे झाले, पाण्याबद्दल मात्र कोणीच बोलले नाही. मुंबई बंदरात दोन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय शीड ठरवता येत नाही.

गेटवेजवळ खारा वारा शहरावरून येतो. कुलाब्याच्या इमारतींच्या आडून तो तुटक तुटक मिळतो. दोन मिनिटे काही नाही आणि मग एकदम झोत, तोही दिशा बदलून. पाणी मात्र तेथे तुलनेने सपाट असते. मध्ये, बुचर बेट आणि घारापुरीच्या बाजूला गेलात की वारा सलग होतो. तसेच दक्षिणेला प्राँग्जच्या दीपगृहाकडे, उघड्या समुद्राजवळ गेलात की वारा सलग असतोच, पण लाटाही येतात. त्यात अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतला फरक कधीकधी साडेचार मीटरच्या वर जातो, त्यामुळे ओहोटीचा प्रवाह जोरकस असतो. बाहेर पडणारा प्रवाह आणि समोरून येणारा वारा यांची गाठ पडली की आखूड, उभ्या लाटा उठतात. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेल्या, दिवशी त्याच वाऱ्यात तेथेच पाणी बरेच शांत असते.

याचा शिडाशी संबंध असा. सपाट पाण्यात शीड अगदी चपटे केले तरी चालते, कारण होडीला अडवणारे काही नसते. आखूड लाटांत मात्र प्रत्येक लाट होडीला थांबवते, आणि पुन्हा वेग घ्यायला शिडात थोडे पोट लागते. अगदी चपट्या शिडाखाली होडी अशा पाण्यात उभी राहते, सुकाणूला पाणी मिळत नाही आणि पुढचा झोत आला की ती नुसती कलते. म्हणून अशा ठिकाणी मोठे चपटे शीड ठेवण्यापेक्षा लहान आणि किंचित भरीव शीड चांगले. रीफ करावा आणि आउटहॉल बोटभर सैल सोडावा. गौरीताई आणि दर्यावर्दी दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, पण एकाचे गेटवेसमोर आणि दुसऱ्याचे प्राँग्जकडे.

गौरी_हार्बर

उरणकर, हे मान्य आहे. मी ज्या भागात शिकवते तेथे पाणी सपाट असते, त्यामुळे माझा सल्ला नकळत त्या पाण्यापुरता होता.

आकडेमोड

म्हणजे माझ्या सूत्रात लाटांचे एक पद राहिलेच. ते कसे मांडावे याचा विचार मी किनाऱ्यावर बसून करीन.

निळा_क्षितिज

एक प्रश्न राहतो. रीफ करण्याचा निर्णय सरासरी वाऱ्यावर घ्यावा की झोतांवर? १४ नॉट वारा आणि २० नॉटचे झोत असतील तर काय करावे?

दर्यावर्दी

झोतांवर. विरामात होडी थोडी हळू चालेल, एवढेच नुकसान.

उरणकर

मी सरसकट तसे म्हणणार नाही. गेटवेजवळच्या तुटक वाऱ्यात झोतांप्रमाणे शीड ठेवले तर मधल्या वेळात होडी अक्षरशः थांबते. तेथून मांडव्याच्या लाँच आणि घारापुरीच्या फेरी बोटी सतत ये-जा करत असतात. अशा गर्दीत थांबलेली होडी हाही धोकाच आहे. तेथे पूर्ण शीड ठेवून झोत आला की शीट सोडावी. उघड्यावर निघायचे असेल तर झोत धरून शीड ठरवावे, आणि रीफ बंदराच्या आडोशातच करून घ्यावा.

एक अपवाद सांगतो. ऑक्टोबरमध्ये आणि मेच्या शेवटी कधीकधी दुपारनंतर पूर्वेकडे, घाटाच्या बाजूला काळे ढग जमतात. त्या ढगांतून येणारा सोसाटा नेहमीच्या खाऱ्या वाऱ्याच्या उलट दिशेने आणि अचानक येतो. त्यासाठी कोणतेही शीड योग्य नसते. दोन्ही शिडे उतरवून ठेवावीत किंवा आधीच किनारा गाठावा. तसेच हवामान खात्याने मच्छीमारांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वाऱ्याचा इशारा दिला असेल, तर तो २४ ते ३० नॉट होतो. त्या दिवशी हा धागा वाचत घरी बसावे.

खाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी शीडशिंपी यांनी सांगितल्याप्रमाणे मुलीने बूमखाली बसून फोटो काढला. शिडाच्या पोटाची खोली १६ टक्के निघाली आणि सर्वांत खोल जागा निम्म्याच्या स्पष्टपणे मागे आहे. कनिंगहॅम पूर्ण ओढल्यावर ती जागा पुढे आली, पण खोली विशेष कमी झाली नाही. बोर्ड एक तृतीयांश वर घेतल्याचा फरक मात्र दोघांनाही लगेच जाणवला. मुलीचे म्हणणे असे की इतके दिवस टिलर ओढून तिचा दंड दुखत होता, त्याची भरपाई मी करावी.

आता असे ठरवले आहे. मेअखेरपर्यंत जुन्या शिडावरच, दोर वापरून आणि झोत १६-१७ नॉटच्या पुढे गेले की परत फिरून, काम भागवायचे. पावसाळ्यात होडी वर काढलेली असेल तेव्हा नवे मेनसेल शिवून घ्यायचे. ते पूर्ण आकाराचे, पण चपट्या कटाचे आणि एक रीफ असलेले असेल. जुने शीड ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हलक्या वाऱ्यासाठी ठेवणार आहे. शिवणाऱ्याला नेमके काय सांगावे, तेवढे कृपया सांगा.

शीडशिंपी

शिवणाऱ्याला दोघांचे वजन सांगा आणि तुमची डोलकाठी किती वाकते ते मोजून द्या. त्यासाठी व्हँग पूर्ण ओढून, डोलकाठीच्या टोकापासून बूमच्या जोडापर्यंत दोरी ताणून धरावी आणि मध्ये किती अंतर पडते ते पाहावे. पुढच्या कडेचा कट या वाकण्यावरच बेतलेला असतो. कट आणि डोलकाठी यांचा मेळ नसेल तर नवे शीडही चपटे होणार नाही.

रीफची उंची आकडेमोड यांनी धरली तशी ७५ सेंटिमीटर ठीक आहे. तुमच्या वजनाला मी ९० पर्यंतही जाईन, कारण दोन नॉटच्या सवलतीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. रीफचा मागचा कोपरा पुढच्यापेक्षा थोडा उंच ठेवायला सांगा, नाहीतर रीफ केल्यावर बूमचे टोक खाली झुकेल आणि लाटांत पाण्याला लागेल. दोन्ही कोपऱ्यांना कापडाचे अनेक थर हवेत, कारण सर्व ओढ तेथेच येते.

खाडीकर

मधल्या बारीक छिद्रांतून बांधायच्या दोऱ्यांचे काय? त्या घट्ट बांधायच्या ना?

शीडशिंपी

मुळीच नाही. त्या दोऱ्या फक्त खाली जमलेले कापड आवरण्यासाठी असतात. त्या घट्ट बांधल्या आणि मागच्या कोपऱ्याचा दोर जरा सैल झाला, तर सगळी ओढ त्या छिद्रांवर येते आणि शीड आडवे फाटते. मागच्या कोपऱ्याचा दोर मात्र दोन्ही दिशांनी ओढणारा हवा, खालीही आणि मागेही. आधी पुढचा कोपरा अडकवावा, हॅलयार्ड (शीड वर चढवण्याचा दोर) पुन्हा ताठ करावा, मग मागचा दोर ओढावा, आणि बारीक दोऱ्या सर्वांत शेवटी, सैलसर बांधाव्यात. सोडताना नेमका उलटा क्रम ठेवावा.

ससून_डॉक

आणि हा सगळा क्रम आधी होडी वाळूवर असताना, वारा नसलेल्या सकाळी, मुलीला एकटीला करायला लावा. पाण्यावर तुमच्या हातात टिलर असेल, तेव्हा रीफ तिलाच करायचा आहे. जिब उलट्या बाजूला ओढून, मेनशीट सोडून आणि टिलर वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला बांधून होडी जवळजवळ स्थिर उभी करता येते, ते आधी जमवा.